विंचू

आमच्या जिन्याला एकोणीस पायऱ्या.
बाराव्या पायरीवर कळायचं
आज कसला दिवस आहे ते.

नानांची चप्पल करकर वाजायची.
मुद्दाम तशी करून घेतलेली.
दिवाणजी आले, म्हणायचे लोक,
आणि मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांआड बसलेले हमाल
बिड्या विझवून उभे राहायचे.

सावकाश करकर म्हणजे पगार,
पिशवीत भेळेचा पुडा, वर जादा कांदा.
भराभर वाजली की आई पदर खोचायची
आणि भांडी घासायची थांबायची.
थांबून थांबून वाजली,
तर मी धैर्यशीलला दिवाणाखाली सरकवायची,
मागोमाग स्वतः शिरायची,
त्याच्या कानांवर हात दाबून
सतराचा पाढा म्हणायला लावायची, आवाज न करता.
सतरा साते एकशे एकोणीस.
तिथवर बहुतेक वेळा
पट्टा निघालेला असायचा.

शेजारच्या माईणकर काकू सकाळी विचारायच्या,
काय गं, रात्री भांडी पडली काय?
व्हय, मांडणी पडली.
एका घरातली मांडणी
वर्षातून किती वेळा पडावी?
काकूंनी कधी मोजलं नाही.

नाना वारले त्याला चार वर्षं झाली.
सुटलात बाई, म्हणाले लोक तेराव्याला, जेवता जेवता.
चप्पल अजून दाराशी आहे.
आई तिला तेल लावते दर अमावस्येला.
का, ते मी विचारलेलं नाही.

मी तेवीस वर्षांची. उद्यमनगरात
फौंड्रीच्या ऑफिसात हिशेब लिहिते.
साहेब मागून आले की पेन आपोआप थांबतं.
कुणी आवाज चढवला
तर आधी माफी मागते,
कशाबद्दल ते नंतर विचारते.
मोबाईलवर नुसतं ‘बोलायचंय तुझ्याशी’ दिसलं
की पोटात बारावी पायरी.

धैर्यशील एकोणीसचा. अंगानं पैलवान.
गंगावेशीत कट्ट्यावर पोरांबरोबर धारोष्ण दूध पितो,
सगळ्यांत मोठ्यानं हसतो.
रात्री मात्र दिवा चालू ठेवून
कपाटाला पाठ लावून, बसूनच झोपतो.
कॉलेज कधी सुटलं, आम्हाला कळलंसुद्धा नाही.
परवा त्यानं भिंतीवर मूठ मारली
आणि मुठीकडे बघत राहिला,
ओळखीचं कुणी भेटावं तसा.
ताई, म्हणाला, ही त्यांची हाय.

मैत्रिणीच्या लग्नासाठी चप्पल घ्यायला गेले होते.
कारागीर मान खाली घालून वादी ओढत होता.
दोन तळांच्या मध्ये त्यानं काहीतरी ठेवलं,
वाळकं, काळं, आकड्याआकड्यांचं.
काय ओ ते?
विंचू. घाबरू नका, झाडाचं बी हाय.
ह्येच्यामुळं करकर वाजतंय.
एकदा आत शिवलं की वरनं दिसत न्हाई,
पर पाऊल टाकलं की बोलणार.

मी दुकानाच्या पायरीवर बसले.
त्यानं न विचारताच पाणी दिलं.

काढता येतो का हो तो?

येतोय की. पर तळ उसवाय लागतो, सगळा.
घाई केली की कातडं फाटतंय.

आणि मग?

मग काय, परत शिवायचं.
शिवण दिसती थोडी. दिसू द्या.

शुक्रवारी सीपीआरमध्ये केसपेपर काढला, दोघांचे दोन.
रांगेत धैर्यशील माझ्या मागं उभा,
कुणी ओळखीचं बघेल म्हणून टोपी डोळ्यांवर.
बाईंनी विचारलं, हे सगळं कधीपासून होतंय?
मी महिने आठवायला लागले.
धैर्यशील खिडकीकडे बघत होता. म्हणाला,

सतरा साते.

बाईंनी पेन खाली ठेवलं.
बाहेर शिपाई पुढचा नंबर पुकारत होता.
त्यांनी दार लोटून घेतलं
आणि घाई केली नाही.